वाटाणे मोजणारे फादर : ग्रेगोर मेंडेल

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात वाटाण्याच्या रोपांची माहिती येते. दहावीला तोच विषय पुढे उत्क्रांतीपर्यंत जातो. आपल्या घरातल्या मुलांना त्याविषयी विचारून पाहा. उंच रोप, बुटके रोप, तीनास एक हे प्रमाण, सारे काही ती घडाघडा सांगतील, कारण त्यावर परीक्षेत हमखास प्रश्न येतो. पण ही रोपे ज्यांनी लावली ते मेंडेल कोण होते असे विचारले, की उत्तर 'शास्त्रज्ञ' एवढ्यावर थांबते. ते एका मठात राहणारे कॅथलिक धर्मगुरू होते आणि पुढे त्याच मठाचे मठाधिपती झाले, हे ऐकून मुलेच काय, त्यांचे आईवडीलही चकित होतात.

धर्मशिक्षणाच्या वर्गात दरवर्षी कोणीतरी एक धीट मूल विचारतेच, की शाळेत शिकवतात ते खरे की बायबलमध्ये आहे ते? या प्रश्नावर लांबलचक उत्तर देण्यापेक्षा या फादरांचे चरित्र सांगितलेले बरे, असे मला वाटते. त्यात आपल्यासारख्या सामान्य माणसांना ओळखीचे वाटेल असे पुष्कळ आहे. गरिबी आहे, बहिणीचे उपकार आहेत, परीक्षेतले अपयश आहे आणि सरकारी कराचे भांडणही आहे.

योहान मेंडेल यांचा जन्म १८२२ सालच्या जुलै महिन्यात झाला. गाव हाइन्झेनडॉर्फ. तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, आज ते चेक प्रजासत्ताकात असून त्याचे नाव हिंचित्से आहे. वडील अँटन हे शेतकरी. शेत स्वतःचे म्हणायचे, पण आठवड्यातले तीन दिवस जमीनदाराकडे वेठबिगारीला जावे लागे. उरलेल्या दिवसांत घरची शेती आणि फळझाडांची देखभाल. आई रोझिना, थोरली बहीण वेरोनिका आणि धाकटी थेरेसिया. घरात एकच मुलगा, तेव्हा तो शेती सांभाळणार हे गृहीतच होते. तिथल्या धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू फादर श्रायबर यांना फळबागेची मोठी आवड. चांगल्या जातीच्या झाडांची कलमे कशी करावीत हे ते लोकांना शिकवीत. गावच्या शाळेतल्या मुलांनाही बागकामाचे व मधमाश्या पाळण्याचे धडे मिळत. योहान हुशार आहे हे शिक्षकांच्या ध्यानात आले आणि त्यांच्या आग्रहावरून अकराव्या-बाराव्या वर्षी त्याला बाहेरगावी शिकायला पाठवण्यात आले.

घरून पुरेसे पैसे येत नसत. अर्धपोटी राहून शिक्षण चालले होते. १८३८ साली वेठबिगारीचे काम करीत असता वडिलांच्या अंगावर लाकडाचा ओंडका पडला आणि ते कायमचे अधू झाले. सोळा वर्षांच्या योहानने शिकवण्या घेऊन आपला खर्च भागवायला सुरुवात केली. मधूनमधून तो आजारी पडे आणि महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून राही. आजच्या डॉक्टरांनी या आजाराला काय नाव दिले असते कोण जाणे, पण मनावरचा ताण वाढला की तो आजार उचल खाई एवढे मात्र दिसते.

अशा वेळी धाकट्या थेरेसियाने आपल्या लग्नासाठी ठेवलेल्या रकमेतला वाटा भावाच्या शिक्षणासाठी दिला. हे उपकार मेंडेल विसरले नाहीत. पुढे हाती पैसा आल्यावर त्यांनी तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाचा भार उचलला आणि त्यांपैकी दोघे डॉक्टर झाले. आनुवंशशास्त्राच्या इतिहासात या बहिणीचे नाव ठळक अक्षरांत छापले जात नाही. खरे तर छापायला हवे.

ओलोमोत्स येथील शिक्षण संपत आले, तेव्हा पुढे काय हा प्रश्न होताच. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक फ्रान्झ यांनी त्यांना ब्रनो शहरातल्या संत थॉमसच्या मठात जाण्याचा सल्ला दिला. हा मठ ऑगस्टिनियन संघाचा. जुन्या गोव्यात ज्यांचा पडका मनोरा आपण पाहतो, तोच हा संघ. ९ ऑक्टोबर १८४३ रोजी योहान मठात दाखल झाले आणि त्यांना ग्रेगोर हे नाव मिळाले. पोटापाण्याच्या चिंतेतून सुटका व्हावी ही आपली गरज होती आणि परिस्थितीनेच आपला मार्ग ठरवला, असे त्यांनी पुढे स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे. काहींना हे खटकते. मला तर त्यांचा प्रामाणिकपणा भावतो. बोलावणे नेहमी दिव्य प्रकाशातूनच येते असे नाही, कधीकधी ते रिकाम्या खिशातूनही येते.

मठाधिपती सिरिल नाप हे विलक्षण गृहस्थ होते. ब्रनो हे लोकरीच्या कापडाच्या गिरण्यांचे शहर. चांगल्या लोकरीच्या मेंढ्या पैदा करणे हा तिथल्या लोकांचा धंदा आणि त्यातून उठणारा प्रश्न असा, की आईबापांचे गुण पिलांत कसे उतरतात? मेंढपाळांच्या आणि शेतीतज्ज्ञांच्या सभेत खुद्द मठाधिपती नाप यांनीच १८३० च्या दशकात हा प्रश्न मांडला होता, की नेमके काय वारशाने येते आणि ते कसे येते याचा शोध घ्यायला हवा. मठात मोठे ग्रंथालय होते, बाग होती आणि गणित, तत्त्वज्ञान, संगीत, वनस्पतिशास्त्र यांत रमलेले व्रतस्थ होते.

१८४७ साली मेंडेल यांना गुरुदीक्षा मिळाली आणि त्यांची नेमणूक आजाऱ्यांच्या सेवेसाठी झाली. हे काम त्यांना झेपले नाही. शेजारच्या इस्पितळात तळमळणारे रोगी पाहून ते स्वतःच आजारी पडत. दुसऱ्या एखाद्या वरिष्ठाने त्यांना कमकुवत ठरवून कोपऱ्यात बसवले असते. नाप यांनी बिशपांना तसे कळवून त्यांना १८४९ साली झ्नोय्मो गावच्या शाळेत शिकवायला पाठवले. तिथे फादर मेंडेल मुलांचे लाडके शिक्षक झाले.

कायम शिक्षक व्हायचे तर सरकारी परीक्षा देणे भाग होते. १८५० साली ते परीक्षेस बसले आणि नापास झाले. ज्या विषयात ते नापास झाले त्यात निसर्गविज्ञान होते! विद्यापीठाचे तोंड न पाहता त्यांनी एकट्याने अभ्यास केला होता. त्यांना विद्यापीठात शिकायला मिळावे असे एका परीक्षकाने सुचवले आणि नाप यांनी मठाच्या खर्चाने त्यांना व्हिएन्नाला धाडले. १८५१ ते १८५३ ही दोन वर्षे त्यांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. ज्यांच्या नावाचा परिणाम मुले आजही पाठ करतात ते डॉप्लर त्यांना भौतिकशास्त्राचे शिक्षक म्हणून लाभले. प्रयोग कसा मांडावा, गणित कसे लावावे हे ते इथे शिकले. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक उंगर हे वनस्पतींच्या जाती काळाच्या ओघात बदलत आल्या आहेत असे मानणारे होते. डार्विनचे पुस्तक निघायला अजून काही वर्षे अवकाश होता.

१८५६ साली मेंडेल पुन्हा परीक्षेला बसले. या वेळी ते मध्येच आजारी पडून परतले. त्यानंतर त्यांनी तो नाद सोडला. चौदा वर्षे ते ब्रनोच्या शाळेत शिकवत राहिले, पण कागदोपत्री हंगामीच. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी ज्या घरात सुतकी कळा येते, त्या घरी हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवावा.

त्याच वर्षी त्यांनी मठाच्या बागेत ते काम सुरू केले ज्यासाठी आज त्यांना जग ओळखते. जागा सुमारे ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद. आपल्याकडच्या भाजीच्या मळ्याचा एखादा तुकडा तेवढा असतो. त्यांनी वाटाण्याचे ३४ वाण मिळवले, दोन वर्षे लावून पाहिले आणि त्यांतले पिढ्यान्‌पिढ्या जसेच्या तसे राहणारे २२ वाण निवडले. वाटाणाच का? त्याचे फूल मिटलेले असते, त्यातले पराग त्याच फुलातल्या कुक्षीवर पडतात, बाहेरच्या माशीने घोटाळा करण्याचा धोका कमी. शिवाय पीक लवकर येते आणि दाणे भरपूर.

दोन वाणांचा संकर करायचा तर कळी उमलण्याआधी उघडायची, चिमट्याने तिच्यातले कोवळे पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या वाणाचे पराग कुंचल्याने कुक्षीवर लावायचे आणि कळीला लहानशी पिशवी बांधायची. मग शेंग धरण्याची वाट पाहायची. असे आठ वर्षे चालले होते. १८६३ पर्यंत सुमारे २८ हजार रोपे त्यांच्या हाताखालून गेली. शाळेच्या वेळा आणि मठाच्या प्रार्थना सांभाळून केलेले हे काम.

त्यांनी सात लक्षणे निवडली. आपण दाण्याचेच उदाहरण घेऊ. वाळलेला वाटाणा कुठे गुळगुळीत गोल असतो, कुठे सुरकुतलेला. गोल वाणाचा सुरकुतलेल्या वाणाशी संकर केला, तर दाणे कसे निघतील? आपण म्हणू, थोडेसे सुरकुतलेले. तेव्हा बहुतेक विद्वानही असेच समजत होते, की आईचे आणि बापाचे गुण दुधात पाणी मिसळावे तसे मिसळतात. प्रत्यक्षात सगळे दाणे गोल निघाले. सुरकुती जणू नाहीशीच झाली. आता मेंडेल यांनी ते दाणे पेरले आणि रोपांना आपापसांत, म्हणजे स्वतःच्याच परागाने, फळू दिले. शेंगा फोडल्या तर त्याच शेंगांत गोल दाण्यांच्या शेजारी सुरकुतलेले दाणे बसलेले! ते अर्धवट सुरकुतलेले नव्हते, आजोळच्या दाण्याइतकेच पुरते सुरकुतलेले होते.

इतरांनीही असे काही पाहिले असेल. मेंडेल यांनी मोजले. गोल ५,४७४ आणि सुरकुतलेले १,८५०. दाण्याच्या आतल्या रंगाचा प्रयोग केला त्यात पिवळे ६,०२२ आणि हिरवे २,००१. वाण्याकडे पांढरा वाटाणा आणि हिरवा वाटाणा असे दोन मिळतात, त्यांच्या डाळी पाहिल्या की हा फरक कळतो. उंचीचा प्रयोग केला तर उंच ७८७, बुटके २७७. भागाकार करून पाहा, दर वेळी तीनास एकच्या आसपास येते.

याचा अर्थ त्यांनी असा लावला. प्रत्येक रोपात एका लक्षणासाठी दोन घटक असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेला. पुढच्या पिढीला देताना रोप त्यांतला एकच देते, आणि कोणता ते नशिबावर. ज्या घटकाचा प्रभाव दिसतो तो प्रभावी, ज्याचा झाकला जातो तो अप्रभावी. एकेक रुपयाची दोन नाणी घरी उडवून पाहा. छापा म्हणजे गोल घटक, काटा म्हणजे सुरकुतीचा. दोन्ही छापे पडण्याची शक्यता चारात एक, एक छापा एक काटा चारात दोन, दोन्ही काटे चारात एक. एक जरी छापा असला तरी दाणा गोल. म्हणून तीन गोल, एक सुरकुतलेला. आणि जर हे खरे असेल, तर गोल दाण्यांपैकी एक तृतीयांश शुद्ध असतील आणि दोन तृतीयांशांच्या पोटात सुरकुती लपलेली असेल. मेंडेल यांनी तेही तपासले. गोल दाण्यांपासून उगवलेल्या ५६५ रोपांपैकी १९३ रोपांनी फक्त गोल दाणे दिले, ३७२ रोपांनी दोन्ही प्रकारचे.

मग त्यांनी दोन लक्षणे एकत्र पाहिली, आकार आणि रंग. त्या ५५६ दाण्यांत ३१५ गोल पिवळे, १०८ गोल हिरवे, १०१ सुरकुतलेले पिवळे आणि ३२ सुरकुतलेले हिरवे. पुस्तकातले ९:३:३:१ ते हेच. एक लक्षण दुसऱ्याच्या पदराला बांधलेले नसते, ते आपले वेगळे उतरते.

पुढे १९३६ साली फिशर या संख्याशास्त्रज्ञाने म्हटले, की हे आकडे जरा जास्तच चांगले जुळतात. त्यावर बरीच वर्षे वाद चालला. फादरांनी लबाडी केली असे काही सिद्ध झाले नाही, आणि त्यांचे नियम तर जगभरच्या बागांतून पुन्हा पुन्हा पडताळून झाले आहेत.

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ या दोन संध्याकाळी त्यांनी ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे आपले काम वाचून दाखवले. १८६६ साली ते मंडळाच्या अंकात छापून आले. अंक शंभराहून अधिक संस्थांना गेला. मेंडेल यांनी ४० प्रती वेगळ्या काढून घेतल्या व काही नामवंतांना पाठवल्या. कोणी दखल घेतली नाही. झाडे आणि भागाकार यांचा संबंध काय, हेच लोकांना कळले नसावे. म्युनिकचे प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांनी पत्रव्यवहार ठेवला, पण वाटाण्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी हॉकवीड नावाच्या रानफुलावर प्रयोग करायला सुचवले. मेंडेल यांनी त्या बारीक फुलांवर भिंग लावून डोळे शिणवले आणि हाती काही लागले नाही. त्या रोपात पुष्कळदा परागाशिवायच, नुसत्या आईपासून बी धरते हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. पूर्ण सद्‌भावनेने दिलेला सल्ला किती महागात पडतो पाहा.

इकडे इंग्लंडमध्ये चार्ल्स डार्विन नेमक्या याच अडचणीत सापडले होते. १८५९ साली त्यांनी मांडले होते, की सजीवांत लहानमोठे फरक जन्मतः असतात, ज्यांना परिस्थितीत टिकायला मदत होते ते जास्त पिल्ले मागे ठेवतात आणि अशा रीतीने लाखो वर्षांत जाती बदलत जातात. याला आपण नैसर्गिक निवड म्हणतो. यावर १८६७ साली जेनकिन नावाच्या एका अभियंत्याने बिनतोड आक्षेप घेतला. गुण जर मिसळून जात असतील, तर एखाद्या जिवात आलेला चांगला फरक दोन-चार पिढ्यांत पातळ होऊन संपेल, मग निवड होणार कशाची? डार्विन यांच्याकडे याचे समाधानकारक उत्तर नव्हते. ते उत्तर ब्रनोच्या मठात छापून पडले होते. गुण मिसळत नाहीत, ते झाकले जातात आणि अखंड परत येतात.

गंमत अशी, की डार्विन यांनीही एका फुलझाडाच्या दोन प्रकारांचा संकर करून दुसऱ्या पिढीची १२७ रोपे मोजली होती. त्यांतली ८८ एका प्रकारची, ३७ दुसऱ्या प्रकारची आणि दोन मधली. आकडे समोर होते, पण त्यांतले प्रमाण त्यांच्या नजरेत भरले नाही. मेंडेल यांचा लेख त्यांच्या कपाटात न वाचता पडून होता अशी एक कथा सांगतात, तिला काही आधार नाही. उलट मेंडेल यांनी मात्र डार्विनच्या ग्रंथाचा जर्मन अनुवाद वाचला होता. त्या प्रतीवर त्यांनी समासात केलेल्या खुणा आजही पाहायला मिळतात. एका व्रतस्थ धर्मगुरूने तो ग्रंथ पेन्सिल हातात घेऊन वाचला आणि आपले काम शांतपणे चालू ठेवले.

३० मार्च १८६८ रोजी मठातल्या बांधवांनी त्यांना मठाधिपती निवडले. पगारी शिक्षकाची गरिबी संपली, पण प्रयोगांसाठी वेळ उरला नाही. मधमाश्या पाळणे, फळझाडांची निगा आणि रोजच्या हवामानाच्या नोंदी एवढे मात्र सुटले नाही. १३ ऑक्टोबर १८७० रोजी ब्रनोवर एक चक्री वावटळ कोसळली, मठाच्या खिडक्या फुटल्या, कौले उडाली. मेंडेल यांनी घाबरून न जाता तिचे बारकाईने वर्णन लिहून प्रसिद्ध केले.

१८७४ साली सरकारने मठांवर नवा कर बसवला. तो अन्यायाचा आहे असे मेंडेल यांचे ठाम मत होते. इतर मठांनी तडजोड केली, यांनी केली नाही. जप्ती आली, जुने मित्र दुरावले, तरी शेवटपर्यंत ते भांडत राहिले. यात त्यांचा थोडा हट्टीपणाही होता असे मला वाटते, आणि त्याची किंमत त्यांच्या प्रकृतीने मोजली. मूत्रपिंडाच्या विकाराने ६ जानेवारी १८८४ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, त्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी ऑर्गन वाजवायला होते लेओश यानाचेक, जे पुढे मोठे संगीतकार म्हणून नावाजले. गोरगरिबांनी गर्दी केली होती. आपण एका थोर शास्त्रज्ञाला निरोप देत आहोत हे त्यांतल्या कोणालाच माहीत नव्हते. त्यानंतर त्यांचे बरेचसे कागद जाळून टाकण्यात आले.

सोळा वर्षांनी, १९०० साली, हॉलंडचे द फ्रीस, जर्मनीचे कोरेन्स आणि ऑस्ट्रियाचे चेर्माक अशा तिघांनी आपापल्या प्रयोगांतून तेच नियम पुढे आणले आणि जुने अंक चाळताना त्यांना मेंडेल यांचा लेख सापडला. १९०९ साली त्या 'घटकां'ना जीन, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातले जनुक, हे नाव मिळाले. पुढे कळले की जनुके पेशीतल्या गुणसूत्रांवर असतात आणि ती डीएनएची बनलेली असतात. १९३० च्या सुमारास फिशर, हाल्डेन आणि राइट यांनी मेंडेल आणि डार्विन यांची सांगड गणिताने घातली. वाटाण्याची सुरकुतीसुद्धा १९९० साली उलगडली. पिठूळ पदार्थ तयार करणारे एक जनुक त्या वाणात बिघडलेले असते, त्यामुळे दाण्यात साखर जास्त राहते, तो पाणी जास्त धरतो आणि वाळताना आकसतो.

या शोधाचा दुरुपयोगही झाला, हे सांगायला हवे. माणसाची उंची, बुद्धी, स्वभाव यांमागे अनेक जनुके असतात आणि शिवाय अन्न, संस्कार, परिस्थिती. काही लोकांनी मात्र माणसांनाही वाटाण्यासारखे चांगले आणि वाईट असे निवडायला घेतले. अमेरिकेतल्या काही राज्यांत आणि १९३३ नंतर जर्मनीत अपंग व मनोरुग्ण माणसांवर सक्तीने नसबंदी झाली. पोप अकरावे पायस यांनी १९३० साली आपल्या परिपत्रकात अशा कायद्यांना स्पष्ट विरोध केला होता. दुसऱ्या टोकाला रशियात १९४८ साली मेंडेल यांचे शास्त्रच बंद करण्यात आले. वाविलोव्ह हे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ तर त्याआधीच, १९४३ साली, तुरुंगात मरण पावले होते. ब्रनोतही १९५० साली मठ बंद झाला आणि चौकातला मेंडेल यांचा पुतळा तिथून हलवला गेला.

आपल्या घराशी याचा संबंध काय? थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार सुरकुतीच्या घटकासारखेच वारशाने येतात. आपल्या राज्यात सिकलसेल आदिवासी भागांत बराच आढळतो आणि २०२३ साली त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान सुरू झाले. ज्याच्यात असा एकच घटक आहे तो माणूस धडधाकट असतो, त्याला पत्ताही नसतो. दोघे वाहक नवराबायको झाले, तर प्रत्येक मुलाच्या वेळी आजाराची शक्यता चारात एक. पहिले मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुखरूप, असे नाही. प्रत्येक वेळी नाणी नव्याने उडतात. अशा घरांत अजूनही सुनेकडे बोट दाखवले जाते. वाटाणा सांगतो, की दोघांकडून एकेक घटक आल्याशिवाय आजार दिसतच नाही. लग्न ठरण्याआधी साधी रक्ततपासणी करून घेतली तर हे कळते. मुलगा की मुलगी हे तर बापाकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, तरी त्याचाही दोष आईलाच!

त्या धीट मुलाच्या प्रश्नाबाबत एवढे सांगतो. पोप बारावे पायस यांनी १९५० साली मानवी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला विद्वानांना मोकळीक दिली. आत्मा मात्र परमेश्वर स्वतः निर्माण करतो हे त्यांनी जपले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ साली उत्क्रांती ही आता नुसती कल्पना राहिलेली नाही असे मान्य केले. उत्पत्तीचे पुस्तक परमेश्वराने जग का आणि कोणासाठी निर्माण केले हे सांगते. वाटाण्याच्या शेंगेत किती दाणे गोल निघतील हे आपल्याला मोजूनच पाहावे लागते.

१९८९ नंतर मठ पुन्हा ऑगस्टिनियन संघाकडे आला. तिथे आता मेंडेल यांचे संग्रहालय आहे, बागेत जुन्या काचघराचा पाया दिसतो आणि पुतळाही मठाच्या आवारातच आहे. २०२१ साली, त्यांच्या जन्माची दोनशे वर्षे जवळ आली असता, ब्रनोच्या दफनभूमीतली संघाची कबर संशोधकांनी परवानगीने उघडली. त्यांचे अवशेष ओळखले गेले आणि त्यांतून डीएनए काढून वाचण्यात आला. शेतकरी अँटन आणि रोझिना यांच्याकडून आलेला एकेक घटक, दोन्ही बाजूंचा, त्यात लिहिलेला होता.